काणीची लाज नाही, मग धुपणीची का?



ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरली की आपण म्हणतो, काणी आली. काणी ही बुरशी. ती आली म्हणून कोणी शेतकरी तोंड लपवून घरात बसत नाही. पारावर, बाजारात, कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर तो उघड बोलतो आणि पुढच्या पेरणीला बियाण्याला किलोमागे ४ ग्रॅम गंधक चोळतो. खरिपाची ज्वारी ऐन सोंगणीत पावसात सापडून काळी पडली तर तहसीलवर मोर्चा जातो. बुरशीने पीक नासले हे सांगायला आपल्याला कधी लाज वाटली नाही.

तशीच एक बुरशी बाईच्या अंगातही वाढते. कोणी तिला धुपणी म्हणते, कोणी पांढरे जाणे म्हणते, कोणी नुसतेच ‘अंगावरून जाते’ म्हणते. अंगाला खाज सुटते, आग होते, लघवी करताना झोंबते, दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे जाते. हिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, डॉक्टर पुरुष असला तर त्यालाही सांगत नाही. दिवसभर पऱ्हाटीत उभे राहून वेचणी करायची, वजन द्यायचे, घरी येऊन चूल पेटवायची, आणि रात्री सगळे निजल्यावर खाज सोसत पडायचे.

आम्ही बायाच हे लिहीत आहोत आणि जिल्ह्याच्या बैठकीच्या अंकात लिहीत आहोत, याचे कारण एकच. हा विषय बाईच्या खाजगी दुखण्याचा म्हणून बाजूला ठेवला गेला, आणि त्या गप्प बसण्याची किंमत घरोघरच्या बायांनी मोजली आहे. ती किंमत काय, हे पुढे सांगतो. आधी रोग समजून घेऊ.

रोग कसा होतो

या बुरशीचे नाव कॅन्डिडा. ती कुठून बाहेरून येते असे नाही. शंभर निरोगी बायांतल्या दहा-वीस जणींच्या योनिमार्गात ती थोड्या प्रमाणात असतेच आणि काही त्रासही देत नाही. तिला आवरून धरणारे जंतू तिथे असतात. दूध विरजवणाऱ्या जंतूंच्या भावकीतले हे जंतू. ते जागा आंबट ठेवतात आणि दुसऱ्या कोणाला माजू देत नाहीत.

कापूस पिकवणाऱ्याला यापुढचे समजावून सांगावे लागणार नाही. एकामागून एक कडक फवारे मारले की बोंडअळी मरायच्या आधी तिला खाणाऱ्या मित्रकिडी मरतात, आणि मग पांढरी माशी मोकाट सुटते, हे आपण १९८० नंतरच्या वर्षांत स्वतःच्या वावरात पाहिले. अंगातही तेच होते. ताप आला, खोकला झाला, की गावातल्या दवाखान्यातून जंतू मारणाऱ्या जालीम गोळ्या मिळतात, लागत असोत वा नसोत. त्या गोळ्या खोकल्याच्या जंतूंबरोबर योनिमार्गातले राखणदार जंतूही मारतात. बुरशी त्या गोळ्यांनी मरत नाही. रान मोकळे झाले की ती फोफावते.

दुसरे कारण गरोदरपण. तिसरे कारण साखरेचा आजार, म्हणजे मधुमेह. अंगात साखर वाढली की बुरशीला आयते खायला मिळते. म्हणून एकाच बाईला वर्षात तीन-चार वेळा हा त्रास झाला तर नुसते औषध देऊन परत पाठवू नये, तिच्या रक्तातली साखर तपासावी. कित्येकींना आपल्याला मधुमेह आहे हे अशा वेळीच पहिल्यांदा कळते. आजाराने किंवा औषधाने अंगातली रोगाशी लढण्याची ताकद कमी झाली असेल, तरीही ही बुरशी वाढते.

आयुष्यात एकदा तरी हा त्रास होणाऱ्या बाया किती? चारांतल्या सुमारे तीन. म्हणजे ज्या घरात चार बाया आहेत, त्या घरात हा रोग एकदा तरी येऊन गेला असे धरून चालावे. घरातल्या पुरुषांना ते माहीत नसेल, एवढेच.

दोष कोणाचा?

कोणाचाच नाही. हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो.

बाई अस्वच्छ राहते म्हणून तिला हा रोग होतो, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. ते खरे नाही. रोज दोन वेळा आंघोळ करणाऱ्या शहरातल्या बाईलाही होतो. उलट साबणाने, डेटॉलने किंवा तुरटीच्या पाण्याने आतून धुण्याने राखणदार जंतू मरतात आणि त्रास वाढतो. योनिमार्ग आतून धुवायचा नसतोच. बाहेरून साधे पाणी पुरे. घट्ट, ओले कपडे दिवसभर अंगावर राहिले तर बुरशीला बरे वाटते हे खरे. पण वेचणीच्या दिवसांत पहाटेच्या दवाने कंबरेपर्यंत भिजलेले लुगडे बदलायला वावरात आडोसा कुठे आहे? पाळीचे कापड उन्हात वाळवायला घालावे तर चारचौघांच्या नजरेला पडते, म्हणून ते कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली ओलेच राहते. हा बाईचा गलिच्छपणा नव्हे. आडोसा आणि पाणी नसल्याचा हा परिणाम आहे.

दुसरा आरोप याहून वाईट. ‘बाहेरचे’ काही केले असेल, म्हणून झाले. या एका वाक्याने संसार मोडायची वेळ येते. भावांनो, नीट ऐका. ही बुरशी वाईट चालीने होणाऱ्या रोगांत मोडत नाही. लग्न न झालेल्या मुलीला होते, विधवेला होते. नवऱ्याला स्वतःला खाज किंवा पुरळ नसेल तर त्याने औषध घेण्याचीही गरज सहसा पडत नाही. तेव्हा बायकोच्या धुपणीवरून तिच्या चारित्र्याचा पंचनामा करणाराला बुरशी म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

तिसरा गैरसमज बाया स्वतःच बाळगतात. पांढऱ्यातून ‘धातू’ जातो, हाडे झिजतात, म्हणून कंबर दुखते आणि अशक्तपणा येतो. तसे काही होत नाही. कंबर दुखते ती दिवसभर वाकून केलेल्या निंदणाने. अशक्तपणा येतो तो रक्त कमी असल्याने आणि सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खाल्ल्याने. त्यावरचा उपाय वेगळा आहे. शिवाय थोडे पांढरे किंवा पाण्यासारखे जाणे हा रोगच नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये, गरोदरपणात ते सगळ्याच बायांना जाते. त्याला खाज नाही, आग नाही, वास नाही, तर औषधही नको.

प्रत्येक पांढरे ही बुरशी नव्हे

लाल्या आणि दहिया दोन्हींनी पान खराब होते, पण जाणता शेतकरी दोघांना एकच औषध मारत नाही. इथेही तसेच आहे. बुरशीचे जाणे दाट, पांढरे असते, खाज जबर असते आणि वास जवळपास नसतो. पातळ, करडे जाते आणि मासळीसारखा वास येतो, तो जंतूंचा बिघाड. हिरवट-पिवळे, फेसाळ जाते तो तिसराच रोग, आणि त्यात नवरा-बायको दोघांनाही औषध घ्यावे लागते. कधीकधी दोन रोग एकत्रही असतात. म्हणून अंदाजाने गोळी घेऊ नये, तपासून घ्यावी.

आणि काही खुणा अशा आहेत की तिथे एक आठवडाही थांबू नये. ओटीपोटात दुखून ताप येणे. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाणे. रक्तमिश्रित, घाण वासाचे पाणी जाणे. यामागे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सरही असू शकतो. तिथे ‘धुपणीच असेल’ म्हणून बसणे जिवावर बेतते.

गप्प बसण्याची किंमत

आता किमतीचा हिशेब.

आपल्या विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात, धानाच्या मुलखात, डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या जगभरचे डॉक्टर वाचतात त्या मासिकात छापून आला. शंभरांतल्या ९२ बायांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक रोग निघाले. एकेका बाईला सरासरी ३.६ रोग. त्यांतला अर्धा भाग या अशा जंतूंच्या आणि बुरशीच्या लागणींचा. आणि त्याआधी आयुष्यात एकदा तरी तशी तपासणी झालेल्या बाया किती? शंभरांत ८. तोवर सरकारच्या लेखी खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढेच होते. तिच्या दुखण्याची कुठल्या कागदावर नोंदच नव्हती. 

त्याला तीस वर्षे झाल्यावर, २०१९ साली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांची पिशवी काढलेली आढळली. या बाया परक्या नव्हेत. कोरडवाहू रानात वर्ष निघत नाही म्हणून कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या आपल्याच घरच्या त्या बाया. त्यांतली प्रत्येक शस्त्रक्रिया खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. काही जणींना ती लागलीच असेल. पण अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे भेवडावून टेबलावर घेतल्याच्या हकिकती त्या वेळी पुढे आल्या. काही बायांची तर तिशीही उलटली नव्हती.

मायबहिणींनो, एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. ही बुरशी पिशवीत नसते, योनिमार्गात असते. पिशवी काढून ती जात नाही. काणी कणसावर आहे आणि तुम्ही विहीर बुजवली, असला तो प्रकार आहे. पिशवी गेल्यावरही खाज तिथेच राहते. बरोबर बीजकोश काढले असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास आणि हाडांचा ठिसूळपणा तरुणपणीच मागे लागतो, आणि सावकाराचे कर्ज वेगळे. जो रोग थोड्या औषधाने बरा व्हायचा, त्यासाठी बाईच्या अंगाचा अवयव जातो. बाई आधी बोलली असती आणि ऐकणारे कोणी असते तर हे घडले नसते. गप्प बसणे फुकट पडत नाही, ते असे.

औषध मातीतूनच आले

या बुरशीवर माणसाला घेता येईल असे पहिले चांगले औषध कुठून आले, हे आपल्या माणसांनी ऐकण्याजोगे आहे. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन या दोन बाया न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करीत होत्या. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनी या गावी. मातीत बुरशीला मारणारे जंतू असतात हे त्यांना माहीत होते. हेझन ठिकठिकाणची माती गोळा करून जंतू वाढवी, ते बरणीत घालून टपालाने पाठवी, आणि ब्राऊन त्यांतले औषध वेगळे काढी. १९४८ साली व्हर्जिनिया राज्यातल्या एका गोपालकाच्या शेतातली माती त्यांनी घेतली, आणि तिच्यातल्या जंतूत औषध सापडले. १९५० साली ते जाहीर झाले. आपल्या राज्याच्या नावावरून त्यांनी त्याला निस्टॅटिन म्हटले. त्या औषधाच्या हक्काचे कोट्यवधी रुपये होतील एवढे पैसे आले. दोघींनी ते स्वतः न ठेवता संशोधनाच्या कामाला दिले.

पुढे याहून सोपी औषधे निघाली. क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या रात्री योनिमार्गात ठेवायच्या असतात, ताकदीप्रमाणे एक रात्र, तीन रात्री किंवा सहा-सात रात्री. फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडाने घ्यायची असते. बहुतेक बायांना एवढ्याने उतार पडतो. गरोदर बाईने मात्र तोंडाने घ्यायची गोळी घेऊ नये. तिला आत ठेवण्याच्या गोळ्याच सात दिवस देतात, त्याही डॉक्टरला विचारून. साखरेच्या किंवा दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगावे.

दोन गोष्टी टाळा. दुकानातून ‘खाजेचे मलम’ म्हणून तीन-चार औषधे मिसळलेली ट्यूब आणू नका. तिच्यात स्टेरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते, मग बुरशी दुप्पट जोराने येते. आणि वावरात मारायचे बुरशीनाशक चुकूनही अंगाला लावू नका. त्यांतली काही या औषधांच्या घराण्यातली आहेत खरी, पण ती पिकासाठी आहेत, अंगाला ते विष आहे. योनिमार्गात दही, लसूण, चुना, तुरटी घालण्याचे घरगुती उपायही नकोत. दही भाकरीबरोबर खावे.

आमची मागणी

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत करण्याचा निर्णय सरकारने घेतला. चांगले केले. त्याच्याही आधी, २००७ सालच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत अंगावरून जाण्याच्या रोगासाठी हिरव्या रंगाचे औषधाचे पाकीट ठरवून दिले होते आणि त्यात फ्लुकोनॅझोलची गोळी होती. म्हणजे हा रोग सरकारला माहीत आहे, औषधही माहीत आहे. मग या बैठकीपुढे आम्ही चार मागण्या ठेवतो.

पहिली. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस बायांचा. तो दिवस बाजाराचा असावा, म्हणजे मजुरी बुडवून वेगळी फेरी मारावी लागणार नाही. त्या दिवशी बाई डॉक्टर किंवा शिकवून तयार केलेली नर्स, दाराला कडी आणि खिडकीला पडदा. पाच माणसांसमोर ‘काय होतंय?’ असे विचारल्यावर कोणतीही बाई ‘डोकं दुखतं’ एवढेच सांगणार.

दुसरी. तपासून औषध. क्षयाचा बेडका आणि हिवतापाचे रक्त पाहायला केंद्रात सूक्ष्मदर्शक असतो. त्याच यंत्राखाली काचेवर एक थेंब पोटॅश टाकून ही बुरशी दिसते. यंत्र नवे नको, पाहायला शिकवलेला माणूस हवा. आणि ज्या बाईला पुन्हापुन्हा त्रास होतो तिच्या रक्तातली साखर तिथेच तपासावी.

तिसरी. औषध कपाटात असावे. चिठ्ठीवर लिहून बाहेरच्या दुकानाकडे बोट दाखवणे म्हणजे मोफत उपचार नव्हे.

चौथी. पिशवी काढायला सांगितलेल्या प्रत्येक बाईला दुसऱ्या सरकारी डॉक्टरचे मत फुकट मिळावे, आणि कारण तिला मराठीत लिहून द्यावे. मत मिळेपर्यंत कोणी घाई करू नये. रक्तस्राव थांबत नाही अशी अडीअडचण वेगळी.

या मागण्या सरकारकडे झाल्या. एक मागणी आपल्या घराकडेही आहे. भावांनो, बैल दोन दिवस चारा खात नाही असे दिसले तर तुम्ही कामे टाकून गुरांचा डॉक्टर बोलावता. घरची बाई आठ दिवस अवघडून चालते, रात्री निजत नाही, चिडचिड करते, तेव्हा एकदा विचारा. नुसते विचारा. तिला दवाखान्यात न्यायला एक दिवस काढा आणि आत तिला एकटीला बोलू द्या. सासवांनो, तुम्हीही हे सोसले आहे. तुम्ही सोसले म्हणून सुनेने सोसावे, हा हिशेब आता पुरे.

या बैठकीत बायांची वेगळी बसणी दुपारी आहे. तिथे हा विषय उघड बोलला जाणार आहे, नावे घेऊन बोलायचे, धुपणीला धुपणी म्हणायचे. बैठकीच्या ठरावात वरच्या चार मागण्या घालाव्यात आणि गावी परतल्यावर प्रत्येक गावातल्या बायांनी आपल्या केंद्राच्या डॉक्टरला एवढेच विचारावे: बायांचा दिवस कोणता, आणि औषध कपाटात आहे का? जी उत्तरे मिळतील ती पुढच्या बैठकीला लिहून आणावीत. कोणत्या केंद्रात काय आहे आणि काय नाही याची यादी आम्ही गावांच्या नावांसह जिल्हा परिषदेपुढे ठेवू.